ढालीवरची मधली पट्टी

गावाचं नाव लिहीत नाही, मंडळाचंही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून खाडीकडे वळलं की सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) सेक्टरांमध्ये दाबून बसलेली आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणं लागतात, त्यांतलं एक, एवढं पुरे. ज्या कबड्डीपटूबद्दल हे आहे त्याला अख्खं गाव दादा म्हणतं. मीही इथे दादाच म्हणतो.

मी ठाण्याचा, नौपाड्यातला. मंडळाला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका काढायची होती, आणि जुन्या ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. पान 5 चा मजकूर आधीच टाइप होऊन आला होता: दादाचा पानभर फोटो आणि खाली ‘गावाचा मानबिंदू’. त्या पानावरून जे सुरू झालं ते चार बैठका चाललं.

दादा काय होता हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल. 1998 सालची जिल्ह्याची अंतिम लढत. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, डहाणूपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा एकच, त्यामुळे ती लढत जिंकणं ही लहान गोष्ट नव्हती. मातीचं मैदान, मॅट नंतर आली. शेवटची दोन मिनिटं, संघ तीन गुणांनी मागे, आणि दादा एका चढाईत चौघांना बाद करून मध्यरेषेला बोट टेकवून पालथा पडला. त्या चढाईचं चित्रीकरण नाही. ती डोळ्यांनी पाहिली असं सांगणारी माणसं मात्र गावात इतकी आहेत, की त्या दिवशी मैदानाभोवती एवढी गर्दी मावलीच नसती.

पुढे तो राज्याच्या संघात गेला, खेळाडू कोट्यातून नोकरी लागली, मग गुडघा गेला. गुडघा गेल्यावर त्याने मुलांना शिकवायला घेतलं. एक पैसा घेतला नाही. पहाटे साडेपाचला त्याची शिटी वाजायची. एमआयडीसीतली कंपनी बंद पडल्यावर बाप रिक्षा चालवायला लागला, अशा घरांतली पोरं त्याने उभी केली. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाल्यावर गल्लीगल्लीत प्रशिक्षक उगवले. हा त्याच्या कितीतरी आधीचा.

मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट चढाईपटूला एक फिरती ढाल देतात. शिसवी लाकूड, मध्ये तळहाताएवढी पितळी पट्टी, तिच्यावर दादाचं नाव. भोवती बोटभर रुंदीच्या लहान पट्ट्या, प्रत्येकीवर साल आणि त्या वर्षीच्या विजेत्याचं नाव. मी मोजल्या, एकोणीस होत्या.

काय घडलं

किशोर गटाचा उपांत्य सामना. त्या गटात वयाची अट आहे आणि वजनाची मर्यादा 55 किलो. पोरं आदल्या दिवशी अर्धपोटी राहून काट्यावर उभी राहतात. मंडळाचा संघ एका गुणाने पुढे, शेवटचं दीड मिनिट. एका पोराची चढाई होती आणि ती मंडळाची तिसरी चढाई होती, म्हणजे संघाच्या आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या. तिसरी रिकामी गेली तर चढाईपटू बाद आणि गुण समोरच्याला. दादा बाकावरून ओरडत होता, ‘वेळ काढ, वेळ काढ.’ पोरगा डाव्या कोपऱ्यावर गेला आणि पकडला गेला. बरोबरी झाली. पुढच्या चढाईत समोरच्याने बोनस उचलला आणि मंडळ एका गुणाने हरलं.

कबड्डी कळणाऱ्या कुणालाही विचारा. पोरगा गेला नसता तरी गुण गेलाच असता. त्याने जे केलं ते बरोबर होतं, फक्त जमलं नाही.

मंडपामागे, पाण्याच्या टाकीजवळ, दादाने त्याला उघड्या हाताने कानशिलात मारली. एकदा नाही. पोराच्या कानातून रक्त आलं. वाशीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की पडदा फाटलाय. असा पडदा बहुतेक वेळा आपोआप भरून येतो आणि याचाही तीन महिन्यांत आला, पण हे नंतरचं. त्या रात्री त्याची आई, जी ऐरोलीत तीन घरी स्वयंपाक करते, एकटी चौकीत गेली. तिथे एनसी नोंदवली गेली. अदखलपात्र गुन्हा असला की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, आणि तो आदेश आणायला लागणारे दिवस तिच्या पगारातून कापले गेले असते. कागद तिथेच राहिला.

दादा तिसऱ्या दिवशी मिठाईचा पुडा आणि औषधाचे पैसे घेऊन त्यांच्या दारात गेला. ‘चुकलं’ हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. पंधरा दिवस मैदानावर आला नाही, सोळाव्या दिवशी परत शिटी. पोरगा शेजारच्या गावच्या मंडळात गेला.

पुढच्या वर्षी सुवर्णमहोत्सवी स्पर्धेत तो त्या दुसऱ्या मंडळाकडून खेळायला आला आणि पंचांनी त्यालाच सर्वोत्कृष्ट चढाईपटू ठरवलं. बक्षीस समारंभ आणि स्मरणिकेचं प्रकाशन तीन आठवड्यांनी एकत्र ठेवलेलं होतं. म्हणजे ज्याने कान फोडला त्याच्या नावाची ढाल, ज्याचा फुटला त्याने, व्यासपीठावर, शक्यतो त्याच्याच हातून घ्यायची.

बैठका

पहिली बैठक समाजमंदिराच्या वरच्या खोलीत. सचिवांनी सुरुवातच केली, ‘खेळ वेगळा, वागणं वेगळं.’ हे वाक्य मला आधी पटलं होतं. क्रिकेटमध्ये आपण तेच करतो. मोहम्मद अझरुद्दीनवर डिसेंबर 2000 मध्ये आजन्म बंदी आली, 2012 मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. या मधल्या बारा वर्षांत त्याच्या 99 कसोटींतली एकही धाव कुणी खोडली नाही. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं हा विक्रम पुस्तकात तसाच राहिला, आणि राहायलाच हवा, कारण समोर खरे गोलंदाज होते आणि चेंडू खरोखर सीमेपार गेले होते.

पण ढाल हे विक्रमांचं पुस्तक नाही, ही गोष्ट मला त्या खोलीत बसून हळूहळू उमगली. 1998 ची चढाई होऊन गेली. ती काढून घ्या म्हटलं तरी घेता येत नाही. ढालीवरचं नाव मात्र दर वर्षी जानेवारीत मंडळ पुन्हा उच्चारतं, माइकवर, एका नव्या पोराच्या हातात ती ढाल देताना. ते सत्तावीस वर्षांपूर्वीचं कौतुक उरलेलं नसतं. ‘असं व्हा’ असं त्या पोराला आजच्या तारखेला सांगितलेलं असतं.

एक निवृत्त गुरुजी होते, सायकलिंगचे वेडे. त्यांनी लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण काढलं: 1999 ते 2005 अशी ओळीने सात टूर दे फ्रान्स, आणि 2012 मध्ये सातही काढून घेतल्या. त्या सात वर्षांसमोर आज विजेत्याचं नावच नाही, दुसऱ्या क्रमांकाला वर सरकवलं नाही. गुरुजींचं म्हणणं, मोठी माणसं एवढं करतात तर आपण 1998 चा फलकही उतरवावा. इथे मी त्यांच्या विरोधात बोललो. आर्मस्ट्राँगची लबाडी त्या विजयांच्या आत होती, उत्तेजक घेऊन तो चढ चढला होता. दादाने मंडपामागे जे केलं त्याने 1998 चा निकाल खोटा ठरत नाही. आणि त्या फलकावर आणखी सहा जणांची नावं आहेत. त्यांतला एक आता हयात नाही, त्याची बायको मंडळाच्या दारात दर गुढीपाडव्याला रांगोळी काढते. तिच्या नवऱ्याचं नाव आम्ही कुठल्या हिशोबाने पुसणार होतो?

दुसऱ्या बैठकीला एक म्हातारे काका आले. लुंगी, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते फार बोलले नाहीत. ‘आमचे गावचा नाव कुनी मोठा केला? सिडकोनी?’ एवढंच. खोली गप्प झाली. त्या खोलीतले निम्मे लोक, नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून 24 जून 2021 ला सिडको भवनावर चालून गेलेले होते. या माणसांची जमीन गेली, गावाच्या सीमा गेल्या, पत्त्यात आता सेक्टर नंबर आहे. उरलं काय, तर नाव. ‘नावात काय आहे’ असं बाहेरून येऊन त्यांना सांगणं हा उद्धटपणा झाला असता. पण माझ्या मते काकांचा प्रश्न उलट्या बाजूनेही लागू होतो. नाव एवढं महत्त्वाचं असेल, तर ते कुठे लावायचं यातही तेवढंच डोकं घालायला हवं.

मग नेहमीचा मुद्दा आला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ‘कोर्टाला ठरवू दे ना. सुशीलकुमारची पद्मश्री काढली का?’ प्रश्न चांगला होता. सुशीलकुमार पैलवान, ऑलिंपिकमध्ये बीजिंगचं कांस्य, लंडनचं रौप्य, 2011 ची पद्मश्री. मे 2021 मध्ये छत्रसाल स्टेडियममध्ये एका तरुण पैलवानाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि सुशीलकुमार खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला. पद्म पुरस्कार रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना नियमानेच आहे, पण खटल्याचा निकाल लागण्याआधी तो वापरला जावा असं मलाही वाटत नाही. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. तरी त्याच प्रकरणात दुसरं काय झालं ते बघा. रेल्वेने त्याला त्याच महिन्यात निलंबित केलं. त्यासाठी निकालाची गरज नव्हती. ज्या जागेवरून माणूस इतरांवर हुकूम चालवतो, ती जागा चौकशी होईपर्यंत रिकामी ठेवता येते. तो अपमानही नाही आणि दोषी ठरवणंही नाही.

आमच्याकडे बरोबर उलटं झालं होतं. सगळे फोटो आणि ढालीवर भांडत होते, आणि शिटी वर्षभर दादाच्याच गळ्यात होती. आमचा क्रमच चुकला होता. पोरांसमोर उभं राहण्याचा अधिकार दुसऱ्या दिवशी सकाळी थांबायला हवा होता. ढालीचं बघायला वर्ष लागलं असतं तरी चाललं असतं.

राहता राहिलं कोर्ट. कुठलं कोर्ट? एनसीचा कागद. तिथे खटला नव्हता, तारीख नव्हती, निकाल येणारच नव्हता. बहुतेक गावांत, बहुतेक क्रीडा मंडळांत असंच असतं. सुशीलकुमारसाठी थांबता येतं, कारण तिथे न्यायाधीश बसलेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जामीनही रद्द केला. इथे ‘न्यायालय बघेल’ म्हणजे कुणीच बघणार नाही. शिवाय घडलं काय याबद्दल वादच नव्हता. मंडपामागे अकरा माणसं उभी होती, आणि दादानेही कधी नाकारलं नाही. तो एवढंच म्हणायचा, ‘आम्ही काय कमी मार खाल्लाय?’ खाल्ला असेल. मंडळातल्या एका वकील सदस्याने शांतपणे बाल न्याय कायद्याचं कलम 75 वाचून दाखवलं: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्यावर हात टाकून त्रास दिला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. त्यानंतर ‘आम्ही पण मार खाल्ला’ कुणी बोललं नाही.

मन मोठं कुणी करायचं

तिसऱ्या बैठकीत एक तोडगा पुढे आला आणि तो ऐकून मला पहिल्यांदा राग आला. पोराने समारंभात दादाच्या पाया पडायचं, दादाने त्याला जवळ घ्यायचं, फोटो काढायचा, विषय संपला. ‘पोराने मन मोठं करावं.’ दोन-तीन माना डोलल्यासुद्धा.

मला पैलवान योगेश्वर दत्त आठवला. लंडन 2012 मध्ये त्याला 60 किलोत कांस्य मिळालं. त्या गटात रौप्य जिंकलेला रशियाचा बेसिक कुदुखोव 2013 मध्ये मोटार अपघातात गेला. 2016 मध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीत कुदुखोव दोषी निघाल्याच्या बातम्या आल्या आणि योगेश्वरला रौप्य मिळणार असं सगळीकडे छापून आलं. योगेश्वरने जाहीर केलं, ते पदक त्याच्या कुटुंबाकडेच राहू द्या. पुढे ऑलिंपिक समितीनेही मृत माणसावरची कारवाई बंद केली. रौप्य तिथेच राहिलं.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा सचिव खूश झाले, त्यांना वाटलं मी तोडग्याच्या बाजूने बोलतोय. मी म्हटलं, योगेश्वरला कुणी सांगायला गेलं नव्हतं. ज्याचं गेलं त्याने स्वतःहून सोडलं, म्हणून ते मोठेपण. सोळा वर्षांच्या पोराला मंचावर बोलावून, समोर आमदारांची खुर्ची, मागे बॅनर, आणि वाक म्हणायचं, यात त्याचं मन मोठं होत नाही. आपली अडचण तेवढी मिटते.

‘पोराला विचारलंय का कुणी?’ असं मी विचारलं. कुणीच विचारलं नव्हतं. तीन बैठका झाल्या होत्या.

चौथ्या बैठकीला त्याच्या आईला बोलावलं. ती दारातल्या खुर्चीवर बसली, आत आली नाही. म्हणाली, ‘ढाल त्याने खेळून मिळवलीय, ती तो घेणार. त्या नावाखाली घेणार नाही. दुसरी ढाल नको आम्हाला, हीच पाहिजे.’ मग थोडं थांबून, ‘आणि फोटो-बिटो तुमचं तुम्ही बघा. सकाळी मैदानावर कोण उभं असतं ते सांगा. माझा धाकटा आता दहा वर्षांचा आहे.’

आमच्या चार बैठकांत जे आम्हाला सापडलं नव्हतं ते तिने दोन मिनिटांत जागेवर ठेवलं.

निर्णय

दादाने अठरा वर्षांखालच्या मुलांना शिकवायचं नाही, दोन वर्षं. त्यानंतर परत यायचं असेल तर आधी त्या पोराची, बाकीच्या पोरांसमोर, माफी, आणि तरीही सराव कायम दुसऱ्या मोठ्या माणसाच्या उपस्थितीत. मोठ्यांच्या संघाला तो मार्गदर्शन करू शकतो. 1998 चा फलक जागेवर. भिंतीवरचा त्याचा एकट्याचा, हार घातलेला फोटो उतरवायचा (जिवंत माणसाच्या फोटोला हार मला तसाही खटकत होता). ढाल तीच ठेवायची, मधली पट्टी काढायची, भोवतालच्या एकोणीस पट्ट्यांना हात लावायचा नाही.

मी यातल्या एका गोष्टीवर हरलो. ठरावात कारण लिहावं असं माझं म्हणणं होतं: मंडळाच्या प्रशिक्षकाने एका खेळाडूला मारहाण केली, म्हणून. इतिवृत्तात शेवटी ‘तांत्रिक कारणास्तव’ असं उतरलं. दादाची मुलगी लग्नाची आहे, असं मला बाजूला घेऊन सांगितलं गेलं. त्या मुलीचा काय दोष, हे मलाही कळतं. पण दहा वर्षांनी नवी कार्यकारिणी इतिवृत्त उघडेल, कुठलं तांत्रिक कारण ते कुणाला आठवणार नाही, आणि कुणीतरी चांगल्या मनाने ती पट्टी पुन्हा बसवेल. कारण न लिहून आपण दादाला वाचवलं आणि पुढच्या पोराला उघड्यावर टाकलं, असं मला अजूनही वाटतं.

पट्टी चार स्क्रूंवर होती. तीन सहज निघाले. चौथा गंजलेला, गावातल्या सुताराने तो ड्रिलने काढला आणि लाकडाचा जरासा टवका उडाला. पट्टीखालचं शिसव मूळच्या रंगाचं निघालं, भोवतालपेक्षा गडद, ओलं असल्यासारखं. सुतार म्हणाला लांबी भरून पॉलिश मारतो, कळणारही नाही. सचिव बराच वेळ ढाल हातात धरून बसले आणि म्हणाले, राहू दे.

समारंभाला दादा आला नाही. पोराने ढाल घेतली, विसावी लहान पट्टी त्याच्या नावाची. टाळ्या ठीकठाक वाजल्या. दोन घरांनी वर्गणी परत मागितली, आणि दादाच्या जुन्या पोरांपैकी काहींनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून निघून जाणं पसंत केलं. सकाळच्या सरावाला आता दोघं जण आळीपाळीने येतात, शिटी सहाला वाजते, आणि शिकवण्यात दादाची सर नाही. हेही खरं आहे, पोरांचा खेळ थोडा उतरलाय.

स्मरणिकेच्या पान 5 वर शेवटी 1998 च्या संघाचा फोटो छापला, सातही जण. दादा खालच्या रांगेत, गुडघा टेकलेला. अंतिम लढतीचं गुणपत्रक काही सापडलं नव्हतं, त्यामुळे ओळी जुन्या माणसांच्या सांगण्यावरून लिहिल्या: ‘अखेरच्या चढाईत चौघे बाद.’

प्रकाशनानंतर साधारण दीड महिन्याने दादाचा फोन आला. त्याच्याशी माझं ते पहिलंच बोलणं. मला वाटलं शिव्या बसणार. त्याने शांतपणे विचारलं, ‘पान पाचचं तुम्हीच लिहिलं ना?’

हो म्हटलं.

‘चौघे नव्हते बाद. तिघे, आणि एक बोनस. गुण चारच, पण माणसं तीन. पुन्हा छापलंत तर तेवढं नीट करा.’